मीठ, पाणी आणि पाण्याची गोळी

मंडळी, नेहमी मी इथे रस्ते, ड्रेनेज, नाहीतर कृष्णेच्या पाण्याची पातळी यावर लिहितो. आज स्वतःच्या दुखण्यावर लिहितोय. पण ते दुखणंही शेवटी बसस्थानक, सरकारी योजना आणि पुरापर्यंत येणार आहे, तेव्हा जरा धीर धरून वाचा. पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो.

मला हार्ट फेल्युअर आहे. २०१८ पासून.

आपल्याकडे 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. पेपरात, पारावर, सगळीकडे तोच अर्थ. त्यामुळे डॉक्टरांनी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा मी खाटेवर बसून चहा पीत होतो आणि बायको एकदा माझ्याकडे, एकदा डॉक्टरांकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "पण हे तर बसल्यात की!" डॉक्टर भले माणूस. हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, विहिरीवरची मोटर बंद पडलेली नाही. चालू आहे. पण प्रेशर कमी झालंय, शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचत नाही." आम्ही शेतकरी घरातली माणसं, लगेच कळलं.

पुढचा भाग मात्र कळायला वेळ लागला. रक्त कमी पोचलं की मूत्रपिंडाला वाटतं, शरीरात पाणीच कमी पडलंय. मग ते मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतं. ते पाणी पायात उतरतं, पोटात साठतं, फुप्फुसात जातं. संध्याकाळी मोज्याचा वळ पायावर खोल उमटतो. आडवं झालं की धाप लागते, म्हणून दोन उशा, मग तीन उशा, मग रात्री दोन वाजता उठून खिडकीशी बसणं. माझं असंच झालं होतं, आणि सहा-आठ महिने सगळे म्हणत होते की वय झालं, दमा असेल, पित्त असेल. इकोमध्ये ईएफ ३० निघाला. म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं त्यातलं दर ठोक्याला ३० टक्केच बाहेर पडत होतं. चांगल्या हृदयाचं साधारण ५५ ते ७० टक्के पडतं. (काहींचा ईएफ चांगला असतो आणि तरी हाच आजार असतो, कारण हृदय ताठर झालेलं असतं. तेव्हा आकडा चांगला आला म्हणून धापेकडे दुर्लक्ष नको.)

किती गंभीर आहे ते एकदाच सांगतो, पुन्हा सांगणार नाही. त्रिवेंद्रममधल्या हॉस्पिटलांत २०१३ साली या आजाराने दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद ठेवून पुढे पाच वर्षं मागोवा घेतला गेला. सरासरी वय ६१. पाच वर्षांत त्यातले ५९ टक्के लोक गेले. बऱ्याच कॅन्सरांपेक्षा हा आकडा वाईट आहे. मी आज ६१ चा आहे, सात वर्षं काढली, ईएफ ४० च्या आसपास आलाय, सकाळी अर्धा तास चालतो. औषधं आता चांगली आहेत, ती रोज घेतली म्हणून. बाकीचं श्रेय वजनकाट्याला आणि मिठाच्या डब्याला.

काटा आधी. सकाळी उठलो, लघवी झाली, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यात काट्यावर उभं राहायचं आणि कॅलेंडरच्या चौकोनात आकडा लिहायचा. मला सांगितलेला नियम असा: तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर धाप लागायची वाट न बघता फोन करायचा. तीन दिवसांत दोन किलो चरबी कुणाच्याच अंगावर चढत नाही, ते पाणीच असतं. फुप्फुसात पोचायच्या आधी ते काट्यावर दिसतं. घरचा साधा काटा हजार रुपयांच्या आत मिळतो. आयसीयूची एक रात्र केवढ्याला पडते ते ज्यांनी भरलंय त्यांना विचारा.

आता मीठ.

जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालासुद्धा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, दिवसभराचं सगळं मिळून. तुमच्या घरात काय चाललंय ते बघायचा सोपा हिशोब देतो. चार माणसांचं घर असेल तर ५ ग्रॅमप्रमाणे महिन्याला ६०० ग्रॅम मीठ लागायला पाहिजे. एक किलोची पिशवी महिन्यात संपत असेल तर माणशी आठ ग्रॅम झालं. थोडं भांड्यात उरतं, थोडं वाया जातं, ठीक आहे. पण त्यात फरसाण, पाव, बिस्किटं, हॉटेलची मिसळ धरलेलीच नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हार्ट फेल्युअरवाल्याने मीठ किती कमी करावं यावर डॉक्टरांचंही पूर्ण एकमत नाही. २०२२ मध्ये सहा देशांतल्या ८०६ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास छापून आला. त्यात सोडियम दिवसाला १,५०० मिलिग्रॅमच्या खाली आणायचा प्रयत्न केला, तर मृत्यू किंवा हॉस्पिटलच्या फेऱ्या ठळकपणे कमी झाल्या नाहीत. रुग्णांना थोडं बरं वाटलं, एवढंच. म्हणून मी अळणी-सन्यासी झालेलो नाही. माझ्या डॉक्टरांनी ५ ग्रॅमच्या आत राहा म्हटलंय, मी राहतो. जेवण इतकं बेचव करायचं की माणूस जेवणच सोडेल, याला पथ्य म्हणत नाहीत. या आजारात अंग झडतं, ताकद जाते, ते जास्त वाईट.

आणि नशिबाने आपलं जेवण यासाठी चांगलं आहे. ज्वारीची भाकरी मुळात बिनमिठाची. पावाला मीठ लागतं, खारीला लागतं, चपातीच्या कणकेत आपण चिमूट टाकतो, भाकरीला काही नको. आमटी शिजली की मीठ टाकायच्या आधी माझी वाटी बाजूला निघते. तिच्यात लिंबू, आमसूल, जास्तीचा लसूण, भरडलेलं जिरं, कोथिंबीर. वरून कच्चा कांदा. पहिले दीड-दोन महिने जीभ रुसते. मग बदलते. आता बाहेर कुठं आमटी खाल्ली तर मला समुद्रात बुडवल्यासारखी लागते.

खरा चोर वेगळाच निघाला: आपली चटणी. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे चटणी म्हणजे कांदा-लसणाची, वर्षाची, उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली. ती टिकावी म्हणून तिच्यात खडे मीठ पडतं, आणि चांगलं पसाभर पडतं. म्हणजे भाजीत मीठ नाही टाकलं तरी चटणीबरोबर ते आलंच! हे आमच्या लक्षात आलं ते बायको एकदा डंकावर मीठ मोजून देत होती तेव्हा. आता माझ्यापुरती अर्धा किलो बिनमिठाची वेगळी कुटून आणतो आणि फ्रिजमध्ये ठेवतो. तीच गोष्ट लोणच्याची, सांडगी मिरचीची, सुकटीची. पापडात मीठ असतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण पापडखार आणि खायचा सोडा हेसुद्धा सोडियमच, हे कोण सांगतं? ढोकळा, भजी, पोट फुगलं की घेतो ते फसफसणारं चूर्ण, सगळीकडे सोडा आहे. आणि आपलं भडंग. त्यावर मी काही लिहीत नाही, मला त्रास होतो.

"सैंधव चालतं ना पण?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारतात. नाही चालत. गुलाबी असो, काळं असो, हिमालयातलं असो, ते बहुतांशी सोडियम क्लोराइडच. देव उपवासाला चालवून घेत असेल, मूत्रपिंड घेत नाही.

आणि इथे नीट वाचा, हे जिवाशी आहे. दुकानात 'लो सोडियम' मीठ मिळतं. त्यात सोडियमच्या जागी बऱ्याच प्रमाणात पोटॅशियम घातलेलं असतं. निरोगी माणसाला ते चांगलं. पण हार्ट फेल्युअरच्या बऱ्याच गोळ्या शरीरात पोटॅशियम वाढवतात, आणि ज्याचं मूत्रपिंड थोडं अशक्त आहे त्याच्या रक्तात ते इतकं वाढू शकतं की हृदयाचा ठोका बिघडतो. पाहुणे प्रेमाने आणून देतात, घरात कुणी सुरू करतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ वापरू नका. रोज शहाळं पिणाऱ्यांनीही एकदा विचारून घ्या. तसंच अंगदुखीच्या गोळ्या. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलवाल्याकडून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणून खाणं आपल्याकडे चहा पिण्याइतकं सोपं आहे. या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात. वर्षभराचं पथ्य चार दिवसांत पाण्यात, शब्दशः.

पाण्याचंही तसंच. मला दिवसाला दीड लिटर सांगितलं होतं, त्यात चहा, ताक, आमटीची वाटी सगळं धरून. मी सकाळी तांब्या भरून ठेवायचो आणि दिवसभर त्याच्याकडे सावकारासारखा बघायचो. २०२५ मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास आला. ज्यांची तब्येत स्थिर आहे अशा रुग्णांना पाणी मोजून देण्याने विशेष फायदा दिसला नाही, तहानेचा त्रास मात्र वाढला. मी तो डॉक्टरांना दाखवला, त्यांनी माझं पाणी थोडं सैल केलं. तुमचं तुम्ही सैल करू नका, दाखवा आणि विचारा.

आता मुद्द्यावर येतो. या सगळ्याला लोक 'पथ्य' म्हणतात आणि पथ्य म्हणजे रुग्णाची जिद्द. 'सरांचा कंट्रोल भारी आहे' असं माझं कौतुक होतं. पण माझ्या कंट्रोलमध्ये नसलेलं किती आहे ते बघा.

पाकिटावरचा आकडा घ्या. सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, तेही मागे, मुंगीच्या अक्षरात. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. परवा एका शेवेच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ९०० मिलिग्रॅम वाचलं. म्हणजे सव्वादोन ग्रॅम मीठ, जवळजवळ निम्मा दिवस. हा गुणाकार कुठल्या आजीने चष्मा लावून दुकानात करायचा? चिलीमध्ये २०१६ पासून जास्त मिठाच्या, जास्त साखरेच्या पाकिटावर समोरच काळा अष्टकोनी शिक्का असतो. लहान पोराला कळतो. फिनलंडने तर १९९३ मध्येच जास्त मिठाच्या पदार्थांवर तसं लिहिणं सक्तीचं केलं. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये मसुदा आणला, त्यात इशाऱ्याऐवजी हॉटेलासारखे स्टार होते. म्हणजे खारट फरसाणालासुद्धा अर्धा का होईना, स्टार मिळणारच! जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ, चरबी ठळक अक्षरात छापायचा प्रस्ताव मंजूर झाल्याची बातमी आली. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने समितीला तीन महिन्यांत काम संपवा म्हणून सांगितलं. माझ्या हातातल्या पाकिटावर अजून तरी मुंगीच आहे. मनात आणलं तर होतं, हे ट्रान्स फॅटच्या बाबतीत दिसलंय. जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात दोन टक्क्यांच्या वर नाही म्हणजे नाही.

अर्थात पाकिटाचा शिक्का आला तरी आपल्या गावात निम्माच प्रश्न सुटेल. आपलं बहुतेक मीठ अजून पातेल्यातून येतं, आणि फरसाण सुट्टं येतं, कागदात. लग्नात, जत्रेत, बारशाला एकच पातेलं, एकच हात. "एवढंसं घ्या हो भाऊजी, एका दिवसानं काय होतंय?" एका दिवसानं होतं वहिनी, माझ्या कॅलेंडरवर लिहिलेलं आहे. माझी एक साधी सूचना आहे, आमच्या भावकीतल्या दोन लग्नांत पाळलीही. आचाऱ्याला सांगून वरणाचं एक छोटं पातेलं मिठाआधी बाजूला काढायचं. खर्च शून्य. पहिल्या लग्नात मला वाटलं एकटाच असेन. अकरा माणसं आली त्या पातेल्याकडे. बीपीची, मूत्रपिंडाची, आणि दोघं माझ्याच जातीची, हृदयवाली.

पण ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते अजून सांगितलंच नाही. पाण्याची गोळी.

साठलेलं पाणी बाहेर काढायला आम्हाला लघवी वाढवणारी गोळी असते. घेतली की तासाभरात सुरू होतं, आणि पुढचे चार-पाच तास दर वीस-पंचवीस मिनिटांनी जावं लागतं. थांबवता येत नाही. आता ही गोळी घेऊन एसटीत बसा. तालुक्याहून मिरजेला तपासणीला यायचं तर पहाटेची गाडी, दीड-दोन तास. बसस्थानकातल्या स्वच्छतागृहात पुरुष कसेतरी जातील. बायकांचं काय? एका तालुक्याच्या स्थानकावर महिलांच्या बाजूला कुलूप, किल्ली कंट्रोलरकडे, कंट्रोलर जेवायला. दुसरीकडे दाराला कडी नाही. मी नावं घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलंय.

मग बायका काय करतात? प्रवासाच्या दिवशी गोळी घेत नाहीत. ओपीडीच्या रांगेत मी हे किती जणींकडून ऐकलंय. एक मावशी मला म्हणाल्या, "दादा, डॉक्टरकडं यायचं म्हणून आदल्या दिवसापासून गोळी बंद आणि पाणी पण बंद." म्हणजे तपासायला येताना त्या आजारी होऊन येतात. डॉक्टर पायाची सूज बघून म्हणतात, गोळी वाढवतो. वाढवलेली गोळी घरी जाऊन पुन्हा प्रवासाच्या दिवशी बंद. लग्न, माहेर, बँक, बाजार, प्रत्येक वेळी हेच. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट निम्मं झालं, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना त्याच्या आदल्या वर्षापासून फुकट आहे. चांगल्या योजना, मनापासून म्हणतो. पण फुकट गाडीत बसायला मावशींना गोळी सोडावी लागत असेल तर त्या तिकिटाची किंमत कुठून वसूल होते ते बघा. मुंबईत बायकांच्या मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' नावाने चळवळ उभी राहिली तेव्हा इथे लोक हसले होते. हसण्यासारखं काय होतं?

(तोपर्यंत एक उपाय: गोळीची वेळ बदलता येते का ते डॉक्टरांना विचारा. मी प्रवासाच्या दिवशी पोचल्यावर घेतो, त्यांच्या सल्ल्याने. पण सोडू नका.)

योजनांचंही तेच. महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी होते, आयसीयू मिळतं, कितीतरी घरं त्याने वाचली. पण ती मुख्यतः दाखल झालेल्या माणसासाठी. दाखल व्हायची वेळ येऊ नये म्हणून ज्या चार प्रकारच्या गोळ्या रोज लागतात, त्या आपल्या खिशातून. पेटंट संपल्यावर त्यातल्या महागड्या गोळ्या पुष्कळ उतरल्या, जनऔषधी दुकानात आणखी कमी पडतं, हे खरंय. तरी महिन्याचा आकडा बघून दिवसाआड गोळी खाणारे मला माहीत आहेत. आशाताई घरोघरी बीपी-शुगरची माहिती घेतातच. त्यांना एक काटा आणि अशा रुग्णांची यादी द्या, वर काहीतरी मोबदला द्या (फुकट राबवून घेऊ नका त्यांना), आठवड्याला वजन लिहून घेऊ द्या. तेवढ्यावर किती अॅडमिशन वाचतील.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही एका शाळेत नऊ दिवस होतो. राज्यभरातून लोकांनी जे पाठवलं ते आठवून आजही डोळे भरतात. बिस्किटं, फरसाण, चिवडा, लोणचं, खिचडी, पुन्हा फरसाण. काटा घरात पाण्याखाली, गोळ्यांची पिशवी कशीबशी आणलेली. पाचव्या दिवशी माझे पाय खांबासारखे झाले. शेजारच्या वर्गात एक आजोबा बसूनच झोपायचे, मी त्यांना बघून ओळखलं, हा आपलाच गडी. आम्हा दोघांना दोन मुलांनी ट्रॅक्टरमधून दवाखान्यात नेलं. चूक कुणाचीच नव्हती. पण दर जून महिन्यात पूरनियंत्रणाच्या बैठका होतात, बोटी मोजतात, लाइफ जॅकेट मोजतात. त्या यादीत निवारा केंद्रामागे एक वजनकाटा, बिनमिठाच्या खिचडीचं एक पातेलं आणि हृदय, बीपी, शुगरच्या आठवडाभराच्या गोळ्या बसायला काय हरकत आहे?

निवेदन तयार आहे. बसस्थानकांची स्वच्छतागृहं, आशाताईंना काटे आणि निवारा केंद्रातलं पातेलं, असे तीनच विषय ठेवलेत, जास्त घातले की कुणी वाचत नाही. सोमवारी सकाळी अकरा वाजता जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायला जातोय. ज्यांच्या घरी पाण्याची गोळी चालू आहे त्यांनी आपापल्या बसस्थानकावर बायकांच्या बाजूला काय अवस्था आहे ते खाली लिहा. कुलूप असेल तर कुलपाचा फोटो टाका, तारखेसकट. मी सगळे छापून निवेदनाला जोडतो. आणि सोमवारी येणार असाल तर गोळी घेऊन या, त्या कार्यालयात सोय आहे, मी बघून आलोय.